डाव्या सीटवरचा साक्षीदार

मला माझ्या मित्राने फसवलं. स्टिरिओच्या दुकानदाराने नाही. त्याच्यावर मी वर्षभर संशय घेतला, पण तो सरळ निघाला. फसवलं ते माझ्या शेजारी बसणाऱ्याने. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्याकडे ही गोष्ट उलटी फिरते आहे. लोक म्हणतात, दुकानदाराने मला लुटलं आणि मी राग काढला तो गरीब मित्रावर.

माझा धंदा बोअर मारण्याचा. दुसऱ्याच्या बोअरच्या गाडीवर लोखंडी रॉड उचलण्यापासून सुरुवात केली. मग गिऱ्हाईक आणून देणारा एजंट झालो, मग एक जुनी गाडी घेतली, आज तीन आहेत. शाळा दहावीपर्यंत, तीही पुरती नाही. जे कमावलं ते भाव करणाऱ्या जिभेवर आणि कानांवर. कान अशासाठी, की दोनशे फूट खाली काय चाललंय ते दिसत नाही, ऐकावंच लागतं. काळा खडक वेगळा वाजतो, मुरूम वेगळा. पाण्याची फट लागली की ठोक्यातला टणकपणा जातो आणि मागून एक बारीक सुरसुर येते. मी लांब बाभळीखाली खाटेवर पडून ओरडायचो, "थांबा रे, फट हाय!" आणि फट असायची. शेतकरी म्हणायचे, ह्याला पाताळातलं ऐकू येतं.

माझ्या मित्राचं घाटनांदूरला मोटारी भरायचं दुकान. जळालेल्या पाण्याच्या मोटारींना तो नवी तार गुंडाळतो. मी बोअर मारायचा, त्याने मोटार सोडायची, असं आमचं जमलं. कारागीर एक नंबर, पण भाव करण्यात ढ. माझी पहिली जुनी बोअरची गाडी घेताना मी मालकाला म्हणालो, इंजिन खोकतंय. ह्याने बॉनेटला कान लावला आणि खुशाल म्हणाला, "न्हाई बे, इंजिन तर लई झकास हाय." मालक हसला आणि भाव जागचा हलला नाही. मी मित्राची भर बाजारात आईबहीण काढली. लोक जमले होते. तो मान खाली घालून उभा राहिला.

त्या दिवशी मी त्याला नियम घालून दिला. दुकानात मी जी खोड काढीन, तिला त्याने होच म्हणायचं. तो शिकला, आणि असा शिकला की मलाच हसू यायचं. मी साडीचा रंग जाईल म्हणालो, की हा म्हणायचा, "माझ्या मेव्हणीचा गेला ना. शेजारी वाळू घातलेलं धोतरसुद्धा गुलाबी झालं." मी फरशी फुटेल म्हणालो, की ह्याच्या कुठल्यातरी पाहुण्याची फुटलेलीच असायची. वीस वर्षं आम्ही जोडीने खरेदी केली. परळीपासून बीडपर्यंतचे दुकानदार आम्हाला बघून गल्ल्याला हात लावायचे.

पन्नाशी ओलांडल्यावर मी एक शौक केला. पुण्याच्या एका कारखानदाराकडून लाल रंगाची, दोनच सीटची, छत मागे दुमडणारी छोटी स्पोर्ट्स कार घेतली. इतकी ठेंगणी, की गतिरोधकावर पोट घासतं. गावात चेष्टा झाली. "शेठ, पेंडीचं पोतं कुठं ठेवायचं हिच्यात?" बायको एकदा बसली आणि उतरताना म्हणाली, "बसायला होतंय, उठायला मात्र क्रेन सांगा." पुन्हा बसली नाही. म्हणून डावी सीट मित्राची झाली. दर रविवारी छत उघडून आम्ही निघायचो. कधी अंबाजोगाई, कधी पार कपिलधारपर्यंत. गाणी लावायची, बोलायचं कमी. तरुणपणी बोअरच्या धुळीत रेडिओचा खरखरता आवाज ऐकला होता, त्याची ही भरपाई होती.

चार-सहा महिन्यांत मला वाटायला लागलं, गाण्यात काहीतरी कमी आहे. ढोलकी होती, बाईचा आवाज होता, पण घुंगरं नव्हती. तीच गाणी, मी तोंडपाठ ऐकलेली. घुंगरं कुठे असायला हवीत ते मला माहीत होतं आणि तिथे नुसतं मोकळं होतं. माल खराब आहे, मी ठरवलं. आयुष्यभर हेच केलं होतं. काही कमी पडलं, की खोट मालात असते.

अंबाजोगाईत गाड्यांना स्टिरिओ बसवणारा एक जुना माणूस आहे, पांढऱ्या दाढीचा, हळू बोलणारा. त्याच्याकडे आम्ही दोघं गेलो.

"हा मूळचा सेट भंगार हाय," मी म्हणालो.

"पत्र्याच्या डब्यात बसून गायल्यावानी वाटतंय," मित्राने री ओढली.

दुकानदाराने गाडीत वाकून ऐकलं. "शेठ, चांगला वाजायलाय की. ह्यात खराबी न्हाई."

"तुला विकायचं हाय का न्हाई?"

"विकायचंच हाय. पण अल्ला कसम, खराबी न्हाई."

विकायला बसलेला माणूस विकायला नको म्हणतो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. मला वाटलं, ही भाव चढवायची नवी तऱ्हा आहे. मी त्याच्याशी तासभर घासाघीस केली आणि दोन्ही दारांत नवे स्पीकर बसवून घेतले, वर आरशाच्या कोपऱ्यात बारीक आवाजासाठी रुपयाएवढे छोटे स्पीकर वेगळे. दोन दिवस बरं वाटलं. मग घुंगरं पुन्हा गेली. महिन्याभराने दुसरा डाव: पडद्याचा नवा सेट. त्यानंतर दारांच्या आत डांबरी पट्ट्या, पत्रा थरथरू नये म्हणून. शेवटी डिकीतली स्टेपनी काढून तिच्या जागी मोठा अ‍ॅम्प्लिफायर आणि वूफर. प्रत्येक वेळी दुकानदार हळूच म्हणायचा, "शेठ, आता नका." प्रत्येक वेळी मी चिडायचो आणि मित्र माझ्या बाजूने बोलायचा. प्रत्येक वेळी आवाजाचा आकडा आणखी वर जायचा. वूफर वाजला की माझ्या बरगड्या हलायच्या. मित्र डाव्या सीटवर कानात कापूस घालून बसायचा. छत उघडं, गार वारं लागतं म्हणायचा.

घरी टीव्हीवरून बायको बोलायची, हे कबूल करतो. "शेजारच्या गल्लीत बातम्या पोचल्या, आता बंद करा," म्हणायची. पण ती पंख्यालाही मोठा म्हणते. तिच्या बोलण्यावर मी कधी खरेदी केली नाही आणि कधी खरेदी थांबवलीही नाही.

पाचव्या वेळी मी एकटा गेलो, मित्र भाच्याच्या लग्नाला गेला होता. मी दुकानदारावर तोंड सोडलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग सेटला मोबाइल जोडला आणि म्हणाला, "शेठ, ह्यात नुसती शिट्टी हाय. ऐकू आली की सांगा."

मी थांबलो. "चालू कर की."

"चालू हाय."

शेजारच्या चहाच्या टपरीवरून ओरडणं आलं, "चाचा, बंद करा ओ ते! दात आंबायलेत." बाकावर बसलेल्या दोघांनी कानांत बोटं घातली होती. आरशाच्या कोपऱ्यातला छोटा स्पीकर माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मला ती शिट्टी अजिबात, अजिबात ऐकू येत नव्हती.

दुकानदाराने शिट्टी बंद केली. बंद केली हे मला त्याच्या बोटावरून कळलं. तो खाली बघत म्हणाला, "शेठ, तकलीफ मानू नका. तुमच्या दोस्ताला मी अ‍ॅम्प बसवायच्या आधीच बाजूला घेऊन सांगितलं होतं. म्हणलं, शेठचे कान दाखवा, मोठा आवाज नका बसवू. ते म्हणले, मला म्हाईत हाय, मी सांगतो."

मी त्याला विचारलं, त्याला तुझ्याकडून काही मिळालं का? त्याने कानाच्या पाळ्या धरल्या. एक पैसा नाही. माझा विश्वास बसला, आणि तेच वाईट झालं. कमिशन खाल्लं असतं तर मी समजू शकलो असतो. मी स्वतः एजंट होतो. पैशासाठी माणूस गप्प बसतो, हे मला कळतं.

अंबाजोगाईलाच कानाच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. काचेच्या खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात; आवाज आला की बटण दाबायचं. मी तिथेही हुशारी केली. काचेपलीकडे मशीन चालवणाऱ्या माणसाचा हात हलला, की मी बटण दाबायचो. तिसऱ्या बटणाला त्याने उठून येऊन माझी खुर्ची भिंतीकडे फिरवली. भिंतीशी भाव करता येत नाही.

कागदावरची रेघ डावीकडून, जाड आवाजांपासून, सरळ येते आणि उजवीकडे, बारीक आवाजांपाशी, कड्यावरून पडल्यासारखी खाली जाते.

"कंप्रेसरजवळ किती वर्षं?" बाईंनी विचारलं.

"तीस."

"आणि एरवी? मोठ्याने गाणी वगैरे?"

"वर्षभर. गाडीत."

त्यांनी चष्मा काढला. "गेलं ते परत येत नाही. वर्षभरात किती गेलं, ते आता सांगता येणार नाही. पण सुरुवातीलाच आला असतात, तर तो आवाज मी त्याच दिवशी बंद करायला लावला असता."

मी त्याच दिवशी अ‍ॅम्प्लिफायर काढून घेतला आणि घाटनांदूरला जाऊन मित्राच्या टेबलावर ठेवला. तो तांब्याची तार गुंडाळत होता. एक गिऱ्हाईक मोटार न्यायला बसलं होतं.

"हे काय बे?"

"तुझंच हाय. घे."

"काय झालं?"

"माझे कान गेलेत. आन् तुला म्हाईत होतं."

त्याने तारेचं बंडल खाली ठेवलं. नाही म्हणाला नाही. "व्हय."

"कवापासून?"

"मागल्या दिवाळीच्या आधीपासून. तू खाटेवरून फट सांगायचा कमी झालास ना, तवाच कळलं."

"मग कावून सांगितलं न्हाईस?"

"सांगू कसं? तू म्हणलास सेट खराब. तू खोड काढली की म्या हो म्हणायचं, हे कुणी ठरिवलं? भर बाजारात माझी आईबहीण कुणी काढलती?"

"ते दुकानातलं हाय!"

"तुझ्यासंगं दुकान कुठं नसतंय, सांग की. लग्नात भाव, दवाखान्यात भाव, देवळात नारळाचा भाव. म्या कवा वळखायचं, की आता दुकान संपलं?"

मोटार न्यायला आलेलं गिऱ्हाईक हसलं. मी निघून आलो. भाव करणाऱ्या माणसाला दुकानाबाहेर पडल्यावर उत्तर सुचावं, यासारखी नामुष्की नाही. पण ते सुचलं, घराच्या वाटेवर.

अ‍ॅम्प्लिफायर बसवला त्या संध्याकाळी परत येताना मी गाडी घाटात बाजूला घेतली होती. इंजिन बंद केलं. खाली गावांत दिवे लागत होते, रस्त्यावर माणूस नव्हतं. मला आतून कुठेतरी शंका आली होती. मी त्याला म्हणालो होतो, "हे बघ, इथं दुकान न्हाई. दुकानदार न्हाई. आपण दोघंच हावोत. लेकरांची शपथ घालतो तुला. खरं सांग, ह्यात घुंगरं वाजायलीत का?" आणि एकच गाणं मी पुन्हा लावलं होतं.

त्याने ते पूर्ण ऐकलं. मग समोर डोंगराकडे बघत म्हणाला, "न्हाई वाजायलीत. जरा दबकाच हाय. अजून मोठा लावावा लागंल."

घुंगरं वाजत होती. नंतर मी तेच गाणं दुकानदाराला ऐकवलं. तो म्हणाला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत आहेत, स्वच्छ.

म्हणजे नियम मी त्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने उठवला होता. शिव्या मी दिल्या, हे खरं. माझा स्वभाव वाईट, हेही खरं. भर बाजारात जे केलं ते चुकलं. हे मी त्याला कधी म्हणालो नाही, इथे लिहून देतो. पण घाटात मी शेठ नव्हतो. मी त्याला माझ्या कानांबद्दल विचारत होतो आणि त्याने त्यांचं आणखी नुकसान होईल असं उत्तर दिलं, स्वतःच्या कानांत कापूस ठेवून. भर चैत्रात. तेव्हा गार वारं कुठून लागत होतं?

गेल्या पंधरवड्यात आमच्या गाडीने एका शेतात फट ओलांडून साठ फूट कोरडा खडक फोडला. मी तिथेच खाटेवर होतो. पोरांनी माझ्याकडे बघितलं, मी काय बोलतो म्हणून, आणि मी ठोक्यांकडे कान देऊन पडलो होतो. सगळे ठोके सारखे होते. शेतकऱ्याला त्या जादा साठ फुटांचे पैसे मी मागितले नाहीत. त्याने कारण विचारलं, ते सांगितलं नाही.

मित्र रविवारी येत नाही. मी दोनदा निरोप धाडला, दुसऱ्यांदा परत आलेल्या अ‍ॅम्पसकट, त्याने दोन्ही वेळा अ‍ॅम्प परत पाठवला. अ‍ॅम्प मला नको. मला एवढंच हवं आहे, की त्याने समोर येऊन बसावं आणि घाटातल्या त्या उत्तराचा जबाब द्यावा. मी बहिरा झालोय हे सांगवेना म्हणून तू खोटं बोललास, की बाजारातल्या शिव्या वीस वर्षं जपून ठेवल्या होत्यास आणि त्या संध्याकाळी वसूल केल्यास? दया असेल तर दया म्हण. सूड असेल तर सूड म्हण, मी हात उचलणार नाही. पण डोंगराकडे बघत नको. माझ्याकडे तोंड करून, मोठ्याने बोल.