कर्तव्यात न बसणारा गजरा

अख्ख्या बेळगावात खोटं न बोलणारा एकच माणूस उरला, आणि देवानं तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून ठेवला. कॉलेजात नीतिशास्त्र शिकवून सर निवृत्त झाले, पण नीतिशास्त्र काही निवृत्त झालं नाही. ते आमच्या गल्लीत बदलून आलं. कुणी काही करायला गेलं, की सरांचा सवाल ठरलेला, "सगळ्यांनीच असं केलं तर?" एकदा खानापूरच्या बसमध्ये मी खिडकीतून रुमाल टाकून त्यांच्यासाठी जागा धरली. तर म्हणाले, "सगळ्यांनीच रुमाल टाकले तर बसायचं कुणी वैनी, रुमालांनी?" ते उभेच राहिले. त्या जागेवर एक लठ्ठ गृहस्थ बसला आणि मी खानापूरपर्यंत खिडकीत चेपून गेले.

माझ्या धाकट्या दिराला चिकोडीचं स्थळ सांगून आलं, तेव्हा पाहुणे रीतीप्रमाणं शेजारी चौकशीला गेले. आता शेजारधर्म म्हणजे काय, तर अशा वेळी "पोरगं लाखात एक" म्हणायचं आणि चहा पाजायचा. सरांनी चहा पाजला. मग म्हणाले, "पोरगा मनाचा चांगला हाय. नोकरी कायमची न्हाई. राग आला की दोन-दोन दिवस ताटावर बसत न्हाई." पाहुणे तिथूनच चिकोडीला परतले. मी तावातावानं जाब विचारायला गेले, तर सर शांतपणे म्हणतात, "सगळ्यांनीच खोटं सांगितलं तर चौकशीला येईल कोण?" यावर काय बोलणार, कपाळ? आल्या पावली घरी आले.

त्यांचं दुसरं तत्त्व याहून जालीम. आवडतं म्हणून केलेलं काम कर्तव्यात जमा होत नाही म्हणे. त्यामुळं ज्यांचा कंटाळा येतो, त्यांच्याकडंच ते नेमानं जायचे. आमच्याकडं ते दर रविवारी यायचे, याचा अर्थ मला फार उशिरा लागला.

मग आक्काला, म्हणजे सरांच्या बायकोला, अर्धांगवायू झाला. सर भाकरी थापायला शिकले, तिची तेलफणी करू लागले. कुणी कौतुक केलं की तिच्यादेखत म्हणायचे, "त्यात काय, कर्तव्य हाय." एक दिवस आक्का मला हळूच म्हणाली, "लई करत्यात गं. पण परक्या बाईचंबी असंच केलं असतं की त्यांनी. एकदा तरी म्हणावं, तुझ्यासाठी करतो. तेवढं ऐकून डोळं मिटलं तरी चालंल." सरांचा मला असा राग आला, की तसा स्थळ मोडलं तेव्हाही आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेले, तर सर तिच्या वेणीत अबोलीचा गजरा माळत होते. मी दारातूनच विचारलं, "सर, औषधपाणी कर्तव्यात बसतं, तेलफणी बसते. हा गजरा कशात बसतो?"

सर थांबले. खोटं बोलायची तर सोयच नव्हती.

"कशातच बसत न्हाई," ते म्हणाले.

"मग आणता कशाला?" आक्कानं विचारलं.

"तुझ्या वेणीत दिसला की मला बरं वाटतं. लई बरं वाटतं." चोरी पकडल्यासारखे ते कानापर्यंत लाल झाले.

आक्का अर्ध्या तोंडानं हसली. म्हणाली, "आणि सगळ्यांनीच असं केलं तर हो?"

सर पुन्हा वेणीकडं वळले आणि नीट बसलेला गजरा उगाचच सारखा करू लागले.

आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. सर अजून संध्याकाळी बाजारातून गजऱ्याचा पुडा आणतात. परवा माझ्यासमोरच त्यांनी तो सोडला आणि आक्काच्या फणीशेजारी गजरा नीट मांडून ठेवला. आता कुणासाठी आणता, असं विचारायला माझी जीभ रेटली नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं.