मेजरसाहेबांची शिकवणी

माझे वडील सरपंचकीला तीनदा उभे राहिले आणि तीनदा पडले. त्यामुळे राजकारणातलं मला सगळं कळतं, असं मी बहारीनमधल्या सलमाबादच्या आमच्या गोदामात छातीठोकपणे सांगत असे. ऐकून कोणी हसायचं, कोणी चहाला उठायचं. खरं मानलं ते एकट्या मेजरसाहेबांनी.

मेजरसाहेब म्हणजे आमचे सिक्युरिटी सुपरवायझर. आफ्रिकेतल्या एका देशाच्या फौजेत हयात गेली, मग नर्स बायकोच्या मागोमाग बहारीनला आले. हमद टाउनला आमच्याच वरच्या मजल्यावर राहायचे. पुढे त्यांच्या देशात यादवी पेटली. नदीच्या अलीकडे एक सरकार, पलीकडे दुसरं. अलीकडच्यांनी यांना निरोप धाडला, या आणि शहराचा कारभार सांभाळा. झालं, फौजी माणूस पुढारी झाला!

हो म्हणाले खरे, पण त्यांची आई नदीपलीकडे अडकलेली. पूल बंद. शेवटच्या फोनवर म्हातारी कडाडली होती, "भावाभावांत मारामाऱ्या लावणाऱ्यांत तूही जाऊन बसणार? माझं मत तुला मिळायचं नाही." त्यानंतर तिचा आवाजच नाही. आहे की गेली, तेही कळेना. मेजरसाहेब याबद्दल बोलायचे नाहीत, त्यांची बायको सांगायची.

निघण्याआधी त्यांनी माझ्याकडे शिकवणी लावली. दर शुक्रवारी, आमच्या हॉलमध्ये, बूट दाराशी ओळीत. हात जोडा म्हटलं की हा बाबा सॅल्यूट ठोकायचा. हसा म्हटलं की पासपोर्टच्या फोटोतला चेहरा. लोकांच्या गुडघेदुखीची चौकशी करत जा म्हटलं, तर पोहे घेऊन आलेल्या आमच्या हिच्यावरच खेकसले, "गुडघे? रिपोर्ट!" ती ओट्याशी जाऊन पोट धरधरून हसली.

शेवटचा धडा मी वडिलांच्या थाटात दिला. "मेजरसाहेब, लग्नाला नाही गेलात तर लोक माफ करतात. मयताला नाही गेलात तर सात पिढ्या लक्षात ठेवतात. दुश्मनाच्या घरचं असलं तरी जायचं."

"हुकूम?" त्यांनी विचारलं.

"हुकूम!" मी म्हणालो. गमतीत हो! फौजी माणसाला गंमत आणि हुकूम सारखाच ऐकू येतो, हे मला काय ठाऊक?

ते एकटेच तिकडे गेल्यावर काही महिन्यांनी, अशाच एका शुक्रवारी दुपारी, त्यांच्या बायकोने आमचं दार धाडधाड वाजवलं. अंगावर ड्यूटीचा गणवेश तसाच. "ब्रदर, काय शिकवलंत तुम्ही त्यांना?"

पलीकडच्या सेनापतीची आई वारली होती. एके काळी तो आणि मेजरसाहेब एकाच बराकीत राहिलेले, आता तोफा एकमेकांवर रोखलेल्या. आणि हे महाशय बंदूक ठेवून, हातात पांढरं फडकं धरून, पूल ओलांडून समाचाराला गेले. सकाळीच गेले होते. फोन लागत नव्हता.

ती सोफ्यावर बसली, पाण्याला हात लावेना. "त्यांना मारलं तर तुमच्या वडिलांचं राजकारण मी काय चाटू?" म्हणाली. आमची ही तिचा हात धरून बसली. वडिलांचा एवढा राग मला आयुष्यात कधी आला नव्हता.

संध्याकाळची बांग झाली आणि तिचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. दाढी वाढलेले, धुळीने माखलेले मेजरसाहेब. त्यांच्या मागे एक धिप्पाड गणवेशधारी, डोळे रडून लाल, लोकांना चहाचे पेले देत होता. तोच सेनापती. मेजरसाहेबांच्या बायकोने नवऱ्याला आधी झापलं, मग रडली, मग पुन्हा झापलं. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "उस्ताद, हुकूम पुरा. याने माणसं पाठवून शोधून आणली."

कोणाला, ते मला कळेना. रडू दाबायला मी नेहमीची टवाळी केली, "मग, मिळालं का एखादं मत?"

त्यांनी फोन वळवला. खाटेवर एक म्हातारी पाय पसरून बसली होती. शेजारून त्यांची बायको सासूला पाहून "यम्मा!" म्हणून किंचाळली. एका हाताने फोन धरून मेजरसाहेब दुसऱ्या हाताने त्या म्हातारीचे गुडघे चोळत होते.

"म्हणते, विचार करतेय."