मोरोक्कोच्या पाहुण्याला मी हसले

अकोल्याच्या बायांनो, आज सकाळचंच सांगते. मला अक्षर येत नाही, जावई लिहून राहिले. लिहिण्यात चूक निघाली तर ती त्यांची.

अमरावतीच्या कापूसबाजारात मोरोक्कोचा एक व्यापारी आलाय. तो पाणी मागायला माझ्या दारात थांबला, मी वरून त्याच्या ओंजळीत पाणी ओतत होते. मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला, "आमच्या सुलतानाचे हुकूम अरबीत निघतात. आई मात्र डोंगरातली अमाझिग बोलते. ती कोणी लिहीत नाही."

मी हसले. "लिहतच नाई, तं थे भाषा कायची रे बाप्पा?"

त्याची ओंजळ सुटली. "आजी, मग माझी आई जन्मभर काय बोलली?"

तहानलेलाच गेला.

परवा पुण्याचा कारकून माझ्या वऱ्हाडी मले-तुलेला हसला, तेव्हा मी दिवसभर जेवले नव्हते.

चार दिवसांनी तो तुमच्या बाजारात येणार म्हणे. त्याला पोटभर पाणी पाजा. ही चूक माझी आहे. माफी कोणत्या तोंडानं मागू, सांगा?