देठ अजून हिरवा आहे

त्या सकाळी मी शेजारी चित्रलेखाकाकूंकडे विरजण मागायला गेले होते. शाळांना एप्रिलच्या सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे कॅसल हिलच्या आमच्या गल्लीत डब्यांची आणि गाड्यांची घाई नव्हती. काकू ओट्याशी पोहे भिजवत होत्या. त्यांचा मुलगा सलिल डायनिंग टेबलवर लॅपटॉप मांडून, कानाला हेडफोन लावून ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसला होता. काकू त्याच्या मागून दबकत ये-जा करत होत्या. मागे एकदा त्यांच्या फोडणीचा आवाज थेट सिंगापूरच्या साहेबापर्यंत पोचला होता म्हणे.

तेवढ्यात दार वाजलं.

"बेल असताना दार कोण ठोकतंय?" काकू म्हणाल्या.

मी जवळ होते, म्हणून मीच उघडलं. बाहेर मयूरा उभी होती. काकूंची सून. डिसेंबरमध्ये शाळा संपली त्या आठवड्यात ती सात वर्षांच्या लेकीला, उर्वीला घेऊन याच शहरात हॅरिस पार्कला भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला गेली, ती घटस्फोटाचं ठरवूनच. तिच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता आणि त्यात या घराची किल्लीही होती, लाल दोरा बांधलेली. दोरा काकूंनीच बांधलेला, अंधारात ओळखू यावी म्हणून. किल्ली असून ती दार ठोकून बाहेर थांबली होती.

"ये ना आत," मी म्हटलं. दुसऱ्याच्या घरात असं म्हणायला कसंतरीच वाटलं.

ती पायपुसण्यापर्यंत आली. "आई, मी बसत नाही. उर्वीने तिचा भोपळा मागितलाय. तेवढा न्यायला आलेय."

"उर्वी कुठाय?"

"स्विमिंगला सोडलंय."

"आणायचं होतंस." काकूंनी हात पुसले. "भोपळा व्हायचाय अजून. दोन-तीन आठवडे लागतील. तेव्हा तिलाच घेऊन ये तोडायला."

मयूराने सलिलकडे बघितलं. सलिल स्क्रीनकडे बघत राहिला.

"तू सांगितलं नाहीस?" तिने विचारलं.

सलिलने हेडफोन काढला.

"आई, आम्ही शनिवारी मेलबर्नला चाललोय," मयूरा म्हणाली. "कायमच्या. तिकडे डँडेनॉन्गला एका क्लिनिकमध्ये जॉब मिळालाय मला. फ्लॅट बघितलाय, उर्वीची शाळा ठरलीय. सलिलने संमती दिलीय, वकिलाकडे सही झालीय."

काकूंच्या हातातलं फडकं हातातच राहिलं. "मला सांगणार होतास ना?" त्यांनी सलिलला विचारलं.

"वेळ बघत होतो, आई."

"बघ मग आता. काय वाजलेत?"

काकूंनी गॅस बंद केला, चपला घातल्या आणि मागच्या दाराने अंगणात गेल्या. मयूरा त्यांच्या मागे, मी मयूराच्या मागे. मी खरं तर घरी जायला हवं होतं. पण विरजणाची वाटी काकूंच्या फ्रीजमध्ये होती, आणि खरं सांगायचं तर पाय निघत नव्हता.

काकू मूळच्या सांगलीच्या. शिरीषकाका पाटबंधारे खात्यात होते. घर त्यांच्या पगारावर चालायचं आणि सलिलचं इंजिनिअरिंग काकूंच्या शिवणाच्या क्लासवर झालं. काका गेल्यावर सलिलने त्यांना इकडे आणलं. पहिले काही महिने त्या खिडकीतून मागची हिरवळ बघत बसायच्या. दर पंधरा दिवसांनी माणूस मशीन घेऊन यायचा आणि गवत कापून जायचा. एक दिवस त्या मला म्हणाल्या, "सरिता, तुमचं इथलं कळत नाही मला. जे खाता येत नाही ते पाणी घालून वाढवायचं, आणि वाढलं की माणूस बोलावून कापायचं."

त्याच वर्षी घटस्थापनेला त्यांनी हिरवळीचा अर्धा तुकडा उकरून भोपळ्याच्या बिया टोकल्या. बाकी सणांचे ऋतू इथे उलटे पडतात, पण नवरात्र बरोबर पेरणीच्या वेळेला येतं, याचं त्यांना फार अप्रूप होतं. बिया दुकानातून आणलेल्या केंट भोपळ्याच्या, हिरव्या सालीवर पांढुरके ठिपके असतात त्याच्या. वेल असा माजला की कुंपणावरून माझ्या तुळशीपर्यंत आला.

भोपळा मुठीएवढा झाला की काकू दाभण घेऊन बसायच्या. पोती शिवायची जाड सुई असते ती, सांगलीहून आणलेली. कोवळ्या सालीवर त्या घरातल्या एकेकाचं नाव ओरखडायच्या, अगदी बारीक. जखम भरून येते, भोपळ्याबरोबर अक्षरंही वाढतात आणि शेवटी वळ उठल्यासारखी खरखरीत होऊन वर येतात. "कापड आटतं आणि भोपळा वाढतो. दोन्हीचा अंदाज धरूनच कात्री लावायची," त्या म्हणायच्या. उर्वी देवनागरीत पहिलं काही वाचायला शिकली असेल तर भोपळ्यावरचं स्वतःचं नाव.

भोपळे उतरवले की एखादा रविवार ठरायचा. अंगणात जुनी चादर अंथरायची आणि सगळ्यांनी बसायचं. अख्ख्या भोपळ्याला बाईने पहिली सुरी लावायची नाही, हा काकूंचा नियम, म्हणून पहिला घाव सलिलचा. दर वर्षी मयूरा म्हणायची, "दिवसभर मी लोकांचे आखडलेले गुडघे सरळ करते, आई. मला भोपळा कापता येणार नाही?" आणि काकू म्हणायच्या, "येईल गं. लावायची नाही, एवढंच." उर्वी विचारायची, "बट व्हाय?" "आमच्याकडे असंच असतं," असं उत्तर मिळालं की ती म्हणायची, "दॅट्स नॉट अ रीझन, आजी."

सलिलने वरची चकती काढली की पुढचं काम आजी-नातीचं. चमच्याने गर खरवडायचा, त्याचे घारगे. मग सालीला डोळे, नाक, दात कोरायचे, काकूंचा हात उर्वीच्या हातावर. आत पणती ठेवून भोपळा पुढच्या पायरीवर. समोरचा म्हातारा ग्रेग कुत्र्याला फिरवताना थांबायचा. "हॅलोवीन ऑक्टोबरमध्ये असतो, मेट." उर्वी आजीसाठी मराठीत सांगायची, आणि आजीचं उत्तर त्याला इंग्रजीत द्यायची: भोपळा तयार झाला की हॅलोवीन.

या वर्षी ऊन उशिरा पडलं, फळं उशिरा धरली. नावं घालायला फेब्रुवारी उजाडला. नावं घातली त्या रविवारी सलिल उर्वीला घेऊन आला होता. संध्याकाळी मयूरा न्यायला आली, तर पोरगी गाडीत बसेना. गेटला धरून रडली. त्यानंतर मयूराने सांगून टाकलं की उर्वीला या घरी आणायचं नाही, बापाने बाहेर बागेत भेटावं. काकूंना नात त्या दिवसापासून फोनच्या पडद्यावरच दिसत होती.

आणि आता शनिवारी ती मेलबर्नला जाणार होती.

उर्वीचा भोपळा वेलाच्या मधोमध पेंढ्यावर ठेवलेला होता. 'उर्वी' ही अक्षरं तळहाताएवढी झाली होती. काकू उकिडव्या बसल्या.

"बघ, देठ अजून हिरवा आहे. सुकून बुचासारखा झाला की तोडायचा. आता तोडला तर आत पाणी-पाणी लागेल, आणि आठवड्याभरात सडेल."

"सडू दे. तिला हवाय, मी नेते," मयूरा म्हणाली.

"सडका भोपळा द्यायचा तिच्या हातात?"

"आई, प्लीज. भोपळ्याचं निमित्त करून तिला इथे बोलवायचं, हे मला कळतं. फेब्रुवारीत काय झालं ते मी बघितलंय. दिवसभर तुम्ही तिच्या मनात काय भरवलंत ते तुम्हालाच माहीत. दोन रात्री माझ्याशी बोलली नाही ती."

काकूंनी भोपळ्यावरची पेंढ्याची काडी झटकली. मग म्हणाल्या, "नख लाव."

"काय?"

"सालीला नख लावून बघ. पिकलेल्याला रुतत नाही. माझ्यावर विश्वास नको ठेवूस."

मयूरा वाकली. अंगठ्याचं नख तिने सालीवर दाबलं, तसं ते सहज आत गेलं. अक्षरांच्या खाली चंद्रकोरीसारखी खूण उमटली आणि तिच्यात पाण्याचा थेंब आला. मयूराने बोट मागे घेतलं.

तेवढ्यात मागचं दार आपटलं. सलिल बाहेर आला. हातात फांद्या छाटायची कात्री होती.

"झालं का तुमचं?" तो म्हणाला. "तिला हवाय ना भोपळा? घेऊन जा. सगळंच नेलंयस, हा कशाला ठेवतेस?"

"सलिल, आवाज," मयूरा म्हणाली. "मी भांडायला आले नाहीये."

"नो वरीज. मी पण नाही." तो खाली बसला आणि कात्रीची पाती त्याने देठाच्या दोन्ही बाजूंना लावली. "संपवून टाकू. आई, हात काढ."

काकूंनी देठ मुठीत धरला होता. पाती त्यांच्या बोटांच्या दोन्ही बाजूंना होती.

"आई, हात काढ म्हटलं ना."

"सही करताना विचारलंस मला?" काकू म्हणाल्या. "मग आता मीही विचारत नाही."

कात्रीच्या दांड्यांवर सलिलची बोटं पांढरी पडली होती. मला हाक मारायची होती, पण कोणाला मारावी ते कळेना. मयूरा म्हणाली, "सलिल, डोन्ट," आणि एक पाऊल मागे सरकली. तिची टाच कुंपणाकडच्या वेलात अडकली. ती पाय सोडवायला वाकली. पांढरी भुरी पडलेली वाळकी पानं तिने हाताने बाजूला केली, आणि तशीच वाकलेली राहिली.

पानांखाली आणखी एक भोपळा होता. उर्वीच्यापेक्षा लहान, एका बाजूला कलंडलेला. कुंपणाकडचा भोपळा दर वर्षी मयूराचा असायचा. या वर्षीही त्यावर 'मयूरा' लिहिलेलं होतं, पण ते काकूंचं अक्षर नव्हतं. 'म' आडवा झाला होता, 'यू'चा उकार भलतीकडेच वळला होता आणि 'रा' खाली घसरत गेला होता. सात वर्षांच्या हाताने काढलेली अक्षरं, भोपळ्याबरोबर मोठी झालेली.

"हे कधी केलं तिने?" मयूराने विचारलं.

काकू देठ धरूनच बसल्या होत्या. म्हणून मीच म्हटलं, "त्याच रविवारी. मी कुंपणापलीकडून बघत होते. उर्वीने विचारलं, 'व्हेअर इज मम्माज वन?' काकूंनी दाभण तिच्या हातात दिलं आणि अक्षरं मातीत काढून दाखवली. पोरगी दुपारभर तेच करत होती."

"मला माहीत नव्हतं," सलिल म्हणाला.

"तू फोनवर होतास," काकू म्हणाल्या.

"आई, हे मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मयूरा काकूंकडे वळली. "मी तुम्हाला फोनवर काय काय बोलले."

"बोललीस. तेव्हा सांगितलं असतं तर खरं वाटलं असतं तुला?"

मयूराने त्या वेड्यावाकड्या अक्षरांवरून हात फिरवला. सलिलने कात्री उघडून बाजूला घेतली आणि गवतात ठेवली. काकूंनी मूठ सोडली. बोटांवर देठाचे काटेरी केस रुतलेले दिसत होते. त्या ते पदराने पुसत राहिल्या.

"तरी आम्ही शनिवारी जाणार आहोत, आई," मयूरा म्हणाली. "यामुळे ते बदलत नाही."

"मी कुठे बदल म्हणाले? देठ सुकले की दोन्ही भोपळे मी घेऊन येईन तिकडे."

"तुम्ही? एकट्या मेट्रोत बसत नाही तुम्ही."

"सरिता बसवून देईल मेलबर्नच्या गाडीत. उतरायचं शेवटच्या स्टेशनला, चुकायचं काय त्यात?"

मयूरा जेमतेम हसली, मग ते हसूही गेलं. "आणि तिथे पहिली सुरी कोण लावणार? आमच्या फ्लॅटमध्ये पुरुष नाहीये."

हे टोचायलाच म्हटलेलं होतं, आणि ते टोचलंही. काकूंनी सलिलकडे बघितलं. तो मातीकडे बघत होता. वेलावर एक मधमाशी उगाच फिरत होती. फुलांचे दिवस कधीच संपले होते.

"उर्वी लावेल," काकू म्हणाल्या.

मयूरा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिने जुडग्यातून लाल दोऱ्याची किल्ली सोडवायला घेतली. कडी घट्ट होती, तिचं नख दोनदा घसरलं. किल्ली निघाली तशी तिने ती काकूंपुढे धरली.

"ही द्यायची राहिली होती."

काकूंनी हात पुढे केला नाही. गुडघ्यावर भार देऊन त्या सावकाश उठल्या आणि मयूराच्या समोर उभ्या राहिल्या.

"किल्लीचं तुला वाटेल ते कर," त्या म्हणाल्या. "मला एवढंच पाहिजे, मयूरा. मी तिकडे येऊन दार वाजवलं की उघड."