लुगडं वाजलं

देऊळघाटात बनाबाईचं शेत कोणतं म्हणून विचारलं तर कोणीही सांगेल, "ते काय, तारेखालचं." गावातून निघालेली विजेची लाईन तिच्या गव्हावरून जाते आणि पुढे डोंगर चढते. डोंगरावर सगळं गवत. होळीच्या सुमाराला ते इतकं वाळतं की नुसतं चाललं तरी पायाखाली कडकड वाजतं.

आमचं शेत तिच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून. त्यामुळे तिचं हसणंही मला ऐकू येतं आणि तारांकडे पाहून पुटपुटणंही. काही वर्षांपूर्वी अशाच गव्हाच्या दिवसांत वारा सुटला, सैल पडलेल्या तारा एकमेकींवर आपटल्या आणि ठिणग्या खाली पडल्या. बनाबाई, तिचे मालक गुलाबराव आणि मी, आम्ही ओल्या पोत्यांनी आग बडवत होतो. गहू गेलाच. आग तिथून डोंगरावर चढली आणि फुलावर आलेले पळस काळेठिक्कर करून गेली.

तेव्हापासून वारा सुटला की ही बाई हातातलं काम टाकून खांबाकडे पाहत बसायची. विहारात वंदनेला बसली तरी बाहेर पिंपळ सळसळला की हिची मान दाराकडे वळायची.

"बनाबाई, बुद्धाकडे पाहा ना जरा," मी म्हणायचे.

"त्याच्याकडंच पाह्यतो वं, जयमाला. एक डोळा फक्त तारेकडे हाय."

गेल्या हिवाळ्यात तिच्या शेतातल्या खांबावर एक राखाडी डबी बसली. आमचा वायरमन फहीम, गावातलाच पोरगा, वर चढून ती बसवत होता आणि बनाबाई खालून मान वर करून उभी होती.

"हे काय लावून राह्यला बापा?"

"मावशी, तारा एकमेकीले लागल्या, खांब थरथरला, की हिले समजते. लाईन तिकडूनच बंद होते अन् तुह्या फोनवर घंटी येते. आग लागायच्या आंधीच! सध्या पाहाले म्हणून एकाच लाईनवर लावली."

शेत तारेखाली, म्हणून नंबर बनाबाईचा दिला. घंटी वाजली की फोनमधली बाई शुद्ध भाषेत सांगायची, "तारेवर धोका आहे. कृपया तारेपासून दूर राहा." बनाबाई तिला "हो माय, राह्यतो" असं उत्तर द्यायची. मी सांगितलं की ते आधी बोलून ठेवलेलं असतं, तिला तुझं ऐकू येत नाही. ती म्हणाली, "येत नसन. पण इतक्या आपुलकीनं सांगते, तर चूप कसं राहाव?"

डबी आली तशी तिची झोप सुधारली. पण गावाची बिघडली. थोडा वारा आला की घंटी वाजायची. लाईन जायची. साऱ्या शिवारातल्या मोटारी बंद. फहीम मोटरसायकल घेऊन यायचा, तारा पाहायचा, काहीच सापडायचं नाही, मग पुन्हा लाईन चालू. दुसऱ्या दिवशी तेच.

शालिग्रामभाऊंचं शेत लाईनच्या शेवटी. त्यांचा गहू अर्धा ओला, अर्धा कोरडा राहिला. ते धुऱ्यावर येऊन म्हणाले, "बनावयनी, तुह्या डबीले सर्दी झाली का? वारा लागला की शिंकते."

"शिंकू द्या भाऊ. जळण्यापरीस शिंकलेलं बरं."

"तुह्यं जळू नये म्हणून आमचं वाळू द्याव का?"

त्यांचंही खरं होतं. पुढे पाच-सहा शेतकरी मिळून विजेच्या हापिसात सांगून आले की ही डबी काढा, दुसरीकडे कुठी लावा. हापिसानं मान्य केलं. बनाबाईच्या गव्हाच्या ओंब्या भरल्या होत्या, सोंगणीला अजून वेळ होता. तिचं एकच म्हणणं, "गहू निंघेपर्यंत तरी राहू द्या." ती ज्याला त्याला हेच सांगत फिरली. मी विहारात तिच्यासाठी मेणबत्ती लावली. दुसरं काय करणार होते?

फहीम डबी काढायला आला तेव्हा त्याची मान खाली होती. "मावशी, मले सांगतलं ते मी करून राह्यलो. राग नको मानू." लाईन बंद करून तो वर चढला. डबी मात्र आपल्या बॅटरीवर चालूच असते.

आता इथे सांगायला पाहिजे की रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून आमच्याकडे शेताभोवती जुन्या साड्या बांधतात. बनाबाईचंही शेत असंच रंगीबेरंगी साड्यांनी वेढलेलं. वर फहीम, खाली बनाबाई, आणि तितक्यात वाऱ्याचा झोत आला. बनाबाईच्या कमरेतला फोन वाजला.

"मावशी, खांब कोण हालवून राह्यलं?" फहीम वरून ओरडला.

"मी कायले हालवू? मी तं इकडे हावो. लुगडं हालून राह्यलं ते."

बोलता बोलता ती थांबली. कोपऱ्यावर बांधायला लाकूड नव्हतं म्हणून तिनं तिथल्या हिरव्या लुगड्याचं टोक खांबाच्या ताणाला, म्हणजे खांब वाकू नये म्हणून जमिनीत ओढून बांधलेल्या जाड तारेला, चांगल्या दोन गाठी मारून बांधलं होतं. वारा आला की लुगडं फुगायचं, ताण ओढायचं, खांब थरथरायचा, आणि डबी इमानानं घंटी द्यायची.

फहीमनं खाली पाहिलं. तिनं वर पाहिलं. मग तो असा हसला की कमरेला पट्टा होता म्हणून बरं.

"मावशी, चोर तुह्याच घरचा निंघाला!"

"माय माय! माह्यंच लुगडं!" बनाबाईनं पदर तोंडावर घेतला.

त्यानं वरूनच हापिसात फोन लावला, घंटीचं कारण सापडलं, आता गहू निघेपर्यंत राहू द्या म्हणाला. ते हो म्हणाले. गुलाबरावांनी त्याच दिवशी कोपऱ्यावर बाभळीचं लाकूड रोवलं. डबी चूप झाली. गाव मात्र चूप झालं नाही. कोणाचाही फोन वाजला की लोक म्हणायचे, "लुगडं वाजलं, घ्या." दुकानात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. बनाबाई हसायची, पण थोडी लाजायचीच.

गहू सोंगायला आला. एका दुपारी आम्ही दोघी लिंबाखाली भाकर खात होतो. वारा अजिबात नव्हता. फोन वाजला. "तारेवर धोका आहे." त्याच वेळी मोटारी बंद पडल्या.

लांबून शालिग्रामभाऊंची हाक आली, "वयनी, लुगडं वाजलं वाटते!"

बनाबाईनं आधी कोपऱ्याकडे पाहिलं. हिरवं लुगडं लाकडाला सरळ लोंबत होतं. हातातला घास तसाच ठेवून ती म्हणाली, "जयमाला, लुगडं नाई हालून राह्यलं."

मी पोती भिजवायला धावले. तिनं फहीमला फोन लावला, "मी काई बांधलं नाई. तू ये."

तो आला आणि त्यानं खरंच आधी ताण पाहिला. मग वर चढला. या वेळी वरून हसू आलं नाही. तार ज्या चिनीमातीच्या वाटीवर टेकते ती तडकली होती, तार कलून खालच्या लोखंडाला लागत होती आणि तिथं जळाल्याचा काळा डाग पडला होता. वाटीचा तुकडा त्यानं खिशात घालून खाली आणला आणि बनाबाईच्या हातावर ठेवला.

"लाईन चालू राह्यली असती तं, मावशी..." खाली ओंब्या पिवळ्याधमक उभ्या होत्या.

शालिग्रामभाऊ चिडवायला आले होते. त्यांनी तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला, डोंगराकडे पाहिलं, आणि म्हणाले, "फहीम, नीट बसव रे. माह्यं पाणी उद्या झालं तरी चालते."

गहू घरात आला. डोंगराचं गवत अजून वाळलेलंच होतं, म्हणून डबी काढा असं आता कोणीच म्हटलं नाही.

बुद्धपौर्णिमेला बनाबाईनं त्याच गव्हाची खीर केली, घरी कांडून, गूळ घालून. विहारात सगळ्यांना वाढली. फहीमला आग्रहानं बोलावलं होतं, शालिग्रामभाऊ आपणहून आले. खाणं चाललं असताना तिचा फोन वाजला. शालिग्रामभाऊंनी वाटी खाली ठेवली. फहीमनं गाडीची चावी काढली. या वेळी "लुगडं वाजलं" म्हणून कोणी हसलं नाही.

बनाबाईनं फोन लांब धरून डोळे बारीक केले. "बसा, बसा. मंजुश्री हाय मेहकरहून." लेकीला विचारायचं होतं, खिरीत विलायची टाकली का म्हणून.

"टाकली वं माय. तुह्यापायी अर्धं गाव उभं राह्यलं इथं!"

सगळे हसत पुन्हा बसले. बाहेर पिंपळ सळसळला, चांगलाच. मी सवयीनं बनाबाईकडे पाहिलं. तिची मान दाराकडे वळली नाही. ती माझ्या वाटीत तूप वाढत होती.