तिनं माझ्यासाठी मागितलेली वाचा

देवावर मी रागावले होते, हे आधीच सांगते. शिक्षकांची जिल्ह्याची वक्तृत्व स्पर्धा तोंडावर आली होती. आजवर मुलांचीच भाषणं बसवून दिली, स्वतः कधी व्यासपीठावर चढले नव्हते. यंदा हट्टानं नाव दिलं. पडेगावच्या आमच्या गच्चीवर रोज संध्याकाळी सराव चाले. खालच्या रस्त्यावर ट्रकांचा गोंगाट, म्हणून मी बेंबीच्या देठापासून ओरडायची. "अगं हळू, दौलताबादच्या किल्ल्यावर ऐकू जातंय," आमचे हे चिडवायचे. व्हायचं तेच झालं. एका सकाळी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना.

डॉक्टर म्हणाले, "घशाला खूप सूज आहे. खाली गाठ आहे की काय, ते सूज उतरल्यावरच कळेल. स्पर्धेच्या आदल्या दिवशी या. तोवर एक शब्द नाही, कुजबुजायचंही नाही. गाठ निघाली तर ऑपरेशन, आणि मग आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री नाही." स्पर्धा गेली चुलीत, पण मी वर्गात शिकवणार कशी? माझ्यासारख्या बडबडीला देवानं नेमकं हेच द्यावं? स्वयंपाकघरात पदर तोंडात धरून रडले, तेही आवाज न करता.

शनिवारी खुलताबादला निजलेल्या मारुतीच्या दर्शनाला गेले. हातात नारळ आणि रुईच्या पानांची माळ, मनात देवासाठी केलेलं वेळापत्रक: अमुक दिवशी तपासणी, दुसऱ्या दिवशी स्पर्धा, त्याआधी बरं कर. रांगेत माझ्यापुढं वैजापूरची एक बाई होती.

"कुठल्या हो तुम्ही?" तिनं विचारलं. मी गळ्याला हात लावून मान हलवली.

"अगं बाई! बोलता येत नाय व्हय?"

तिनं मला जन्माचीच मुकी समजलं. खुणेनं सांगायला गेले, तर माझा हात धरून तिनं आपलंच सुरू केलं. लेकीला सातवा महिना होता. याआधी दोनदा पोटातच लेकरू गेलेलं. सासरचे टोमणे, तोंडातून ब्र न काढणारा जावई. एरवी मी मध्येच तोंड घालून चार सल्ले दिले असते. त्या दिवशी नुसतं ऐकलं. "तुम्हाला सांगितलं, लई हलकं वाटलं," ती म्हणाली आणि डोळे पुसता पुसता हसली, "तुम्ही काय कुठं सांगायच्या नाय."

गाभाऱ्यापुढं आलो. मी मागायला सुरुवात करणार, तोच तिचा खणखणीत आवाज आला, "मारुतीराया, माझ्या लेकीचं मागाहून बघ. आधी या बाईला वाचा दे." लेकीसाठी आणलेला नारळ तिनं माझ्या नावानं ठेवला. मला भडभडून आलं. नको, आधी तुमच्या लेकीचं, असं ओरडावंसं वाटलं. माझं वेळापत्रक कुठल्या कुठं गेलं. मनात एवढंच आलं, देवा, तिची लेक सुखरूप सोडव, माझं तुला वाटेल ते कर. मागचे लोक ढकलत होते. बाहेर आले तोवर ती गर्दीत दिसेनाशी झाली.

तपासणीला जाताना वाटेतूनच परत फिरावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांनी घशात आरसा घालून पाहिलं. मग म्हणाले, "सूज उतरली. गाठबीठ काही नाही. म्हणा बरं 'आ'." मी म्हटलं. घोगरा, फाटका, पण माझाच आवाज! बाहेर बाकावर बसलेले आमचे हे तो ऐकून चक्क रडले. हुश्श! छातीवरचा धोंडा उतरला. सूज मौनानं उतरली की त्या नारळानं, या वादात मी पडत नाही. माझ्या हातात काहीच नव्हतं, आणि ते एकदा मारुतीवर सोपवल्यावर मला नीट झोप लागली होती, एवढं खरं.

स्पर्धेत ओरडले नाही, जपून, हळू बोलले. नंबर आला नाही, पण घरी येईपर्यंत रिक्षात माझी अखंड बडबड चालू होती.

त्या बाईचं नाव मला ठाऊक नाही. विचारायला तेव्हा आवाज नव्हता. आता आहे. म्हणून मारुतीपुढं उभी राहिले की मी मोठ्यानं म्हणते, लोक वळून बघतात तरी म्हणते, "वैजापूरच्या त्या बाईची लेक आणि लेकरू सांभाळ रे बाबा."