महाराजांचं अळणी व्रत

चातुर्मासात आमच्या गावच्या देवळातल्या महाराजांना घरोघरच्या पाळीने ताट जायचं. महाराज ब्रह्मचारी, आणि चार महिने अळणी जेवणारे. ताटात उरेल ते गाव प्रसाद म्हणून खायचं. मिरवण्यासारखं दुसरं काही आमच्याकडे नव्हतं, म्हणून सगळे महाराजांचं व्रत मिरवायचे.

आमच्या घरचं ताट माझी थोरली जाऊ रांधायची. तिशीतच विधवा झालेली. आमच्या पाळीचं ताट चाटूनपुसून लख्ख परत यायचं, आणि त्याचं कारण मला ठाऊक होतं. देवळाच्या मागच्या दारी ताट घेताना महाराज तिला हळूच म्हणाले होते, "भाजीत थोडं मीठ टाकत जा. तुझ्या हाताचं." ते मी ऐकलं होतं. तेव्हापासून ती चुलीपुढे गुणगुणायला लागली. बोटही लागलं नव्हतं कुणाचं कुणाला. तेवढंच सुख होतं बिचारीचं.

मग एका पाळीला महाराजांना ताप भरला आणि अर्धं ताट उरलं. प्रसादाचा घास घेतला आणि एक म्हातारी देवळातच ओरडली, "मीठ हाये गा याच्यात!"

संध्याकाळी सगळा गाव देवळात जमला. बाया भाताच्या रोवणीच्या चिखलाचे पाय घेऊनच आल्या, तमाशा फुकट होता ना. दोघातिघांनी मोबाईल काढले. चूल सुटली तर जावेचं त्या घरात काहीच उरणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. महाराज डोळे मिटून म्हणाले, "माझी जीभ केव्हाच मेली आहे. मला चव कळत नाही. या बाईनं माझं व्रत बाटवलं."

माझं डोकंच फिरलं. सासऱ्यांदेखत मी उभी राहिले. "यायनंच मागतलं मीठ! म्या आपल्या कानानं आयकलं."

जाऊ माझ्याकडे वळली. "लबाड बोलून राहिली हे," ती म्हणाली. "जळते माह्यावर."

महाराजांनी प्रायश्चित्त सांगितलं. तिने जन्मभर चुलीला शिवायचं नाही आणि अळणीच खायचं. गावाने माना डोलावल्या. न्याय झाला म्हणे.

आता तिचं ताट मी वाढते. परवा न राहवून तिच्या भाजीत चिमूटभर मीठ घातलं. पहिल्याच घासाला तिने ताट सारलं. "काऊन टाकलं? त्यायनं सांगतलं हाये ना मले."

मग कोरडा भात चिवडत बसली. तोंडावर नव्या नवरीचं तेज होतं. मला महाराजांपेक्षा तिचाच जास्त राग आला.